रिकाम्या दिसणाऱ्या कुपीत काय असतं?

पार्सल उघडलं, बोटाच्या पेराएवढी कुपी बाहेर काढली, उजेडासमोर धरली, आणि आत काहीच दिसलं नाही. चेतापेशींवर पहिल्यांदा काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे हमखास घडतं. लेबलवर तर स्वच्छ लिहिलेलं असतं: रीकॉम्बिनंट ह्यूमन बीटा-एनजीएफ, २० मायक्रोग्रॅम, फक्त संशोधनासाठी. एनजीएफ म्हणजे काही चेतापेशींना जगवणारं, त्यांचे तंतू वाढवणारं एक प्रथिन. मग पुरवठादाराला रागाची ईमेल जाते. त्याहून वाईट म्हणजे कुपी रिकामी समजून कचऱ्यात जाते.

कुपी रिकामी नसते. २० मायक्रोग्रॅम म्हणजे बारीक मिठाच्या एका कणाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं वजन. प्रथिन द्रावणात असतानाच गोठवून, मग निर्वातात सुकवलेलं असतं. त्यामुळे ते कुपीच्या तळाला, बाजूला, कधी झाकणाच्या आतल्या अंगाला न दिसणाऱ्या पापुद्र्यासारखं चिकटून बसतं. झाकण उघडण्याआधी कुपी छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवून घ्या असं सांगतात, ते यासाठीच. त्या न दिसणाऱ्या पापुद्र्यात प्रथिनाचे चारशे लाख कोटींहून जास्त रेणू असतात, आणि नेहमीच्या प्रमाणात वापरलं तर त्यातून ४०० मिलिलीटर पोषक माध्यम तयार होतं. पेशींच्या छोट्या छोट्या तबकड्यांच्या हिशेबात हे बरंच झालं.

पण खरी अडचण वेगळी आहे. प्रथिन आत किती आहे हे उपकरणं सांगतात; ते काम करतं की नाही हे कोण सांगणार? याचं उत्तर सत्तर वर्षांत बदललेलं नाही. जिवंत पेशी सांगतात. एनजीएफचा पत्ता लागला तो पेशींच्या वागण्यावरून, आणि आजही ते किती प्रभावी आहे हे ठरतं ते पेशींच्याच परीक्षेत. एवढी गोष्ट हाताशी ठेवली की लेबलवरचा एकेक शब्द सुटत जातो.

'वाढ' हा शब्द थोडा फसवा आहे

एनजीएफ म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. मराठीत चेतावृद्धी घटक म्हणू. नाव ऐकलं की वाटतं, हे चेतापेशींचं खत असावं: जास्त घाला, जास्त वाढेल. तसं नाही. खतापेक्षा परवान्याशी त्याचं नातं जवळचं आहे.

गर्भाची वाढ होत असताना शरीर गरजेपेक्षा कितीतरी जास्त चेतापेशी तयार करून ठेवतं. प्रत्येक पेशी आपला तंतू लांब कुठेतरी पाठवते, कातडीकडे, रक्तवाहिनीकडे, एखाद्या अवयवाकडे. त्या ठिकाणच्या ऊती अगदी मोजकं एनजीएफ सोडतात. ज्या पेशीचा तंतू तिथवर पोचला आणि ज्याला ते पुरेसं मिळालं ती पेशी जगते. बाकीच्या स्वतःला शिस्तीत मोडून टाकतात. काही चेतागुच्छांमध्ये, म्हणजे चेतापेशींच्या झुबक्यांमध्ये, निम्म्या पेशी अशा जातात. क्रूर वाटतं खरं, पण याच पद्धतीमुळे तंतूंची संख्या आणि अवयवाची गरज यांचा मेळ बसतो. तेव्हा एनजीएफचं पहिलं काम 'वाढ' असं आक्रमक नाही, 'तू राहा' एवढंच आहे. तंतू लांबवणं, फाटे फोडणं हे त्याच्या बरोबरीने येतं.

दुसरा गैरसमज म्हणजे हे सगळ्या चेतापेशींना लागतं. मुळीच नाही. शरीर आपोआप चालवणाऱ्या अनुकंपी संस्थेच्या पेशी, वेदना आणि तापमान जाणणाऱ्या बारीक संवेदी पेशी, आणि मेंदूच्या पुढच्या तळभागातला, स्मरणाशी जोडलेला अॅसिटाइलकोलीन वापरणारा एक गट, हे त्याचे मुख्य ग्राहक. स्नायू हलवणाऱ्या पेशींना एनजीएफ घालून वाट पाहत बसाल तर बसूनच राहाल. त्यांच्यासाठी याच कुळातली दुसरी भावंडं आहेत. बीडीएनएफ त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं.

कोण ग्राहक आणि कोण नाही हे पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरवर, म्हणजे बाहेरचा निरोप पकडणाऱ्या प्रथिनावर ठरतं. मुख्य रिसेप्टरचं नाव ट्रॅक-ए. एनजीएफ नेहमी जोडीने फिरतं, दोन सारख्या साखळ्या पाठीला पाठ लावून. ही जोडी दोन ट्रॅक-ए रेणूंना एकमेकांजवळ खेचून आणते. जवळ आलेले ते दोघे एकमेकांवर फॉस्फेटचे गट चढवतात, आणि तिथून पेशीच्या आत निरोपांची साखळी सुरू होते: जगण्याचा निरोप एका वाटेने, तंतू वाढवण्याचा दुसऱ्या वाटेने. यातली मला सगळ्यांत थक्क करणारी बाब म्हणजे अंतर. तुमच्या पायाच्या अंगठ्यातली वेदना जाणणाऱ्या पेशीचं केंद्रक पाठीच्या कण्यालगत असतं, जवळजवळ मीटरभर दूर. अंगठ्यापाशी मिळालेलं एनजीएफ आपल्या रिसेप्टरसकट एका बारीक पिशवीत बंद होतं आणि तंतूच्या आतल्या रुळांवरून केंद्रकापर्यंत वाहून नेलं जातं. निरोप म्हणजे इथे खरोखरच पाकीट आहे.

पी-७५ नावाचा दुसरा रिसेप्टरही आहे, आणि तो जरा दुतोंडी आहे. ट्रॅक-ए सोबत असेल तर तो मदत करतो. पण एनजीएफचं अर्धवट तयार रूप, म्हणजे पुढची शेपटी अजून न कापलेलं पूर्वप्रथिन, पी-७५ आणि त्याचा साथीदार रिसेप्टर सॉर्टिलिन या जोडगोळीला चिकटलं तर तेच पेशीला मरणाचा निरोप देऊ शकतं. एकाच जनुकातून निघालेल्या दोन रूपांपैकी एक जगवतं आणि एक मारतं. कुपीत नेमकं कोणतं रूप आहे याची पडताळणी म्हणूनच हौसेची बाब नाही.

खळे

चंद्राभोवती खळे पडतं तसं खळे सूक्ष्मदर्शकाखाली पडलं, आणि तिथून ही सगळी कथा मार्गी लागली.

रीता लेव्ही-मोंताल्चिनी या ज्यू संशोधिकेचा जन्म १९०९चा, इटलीतल्या तुरीन शहरातला. १९३८च्या वंशभेदी कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठातून हाकललं तेव्हा त्यांनी स्वतःच्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. कोंबडीची फलित अंडी आणि घासून धार लावलेल्या शिवणाच्या सुया, एवढ्यावर त्या गर्भाच्या चेतासंस्थेचा अभ्यास करत राहिल्या. युद्धानंतर, १९४७ साली, व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी त्यांना अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बोलावून घेतलं.

एल्मर ब्यूकर या हॅम्बर्गर यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने १९४८ साली उंदराची एक कर्करोगाची गाठ, सार्कोमा १८०, कोंबडीच्या गर्भावर रुजवली होती आणि संवेदी तंतू तिच्यात भराभर घुसताना पाहिले होते. सरळ अर्थ असा निघत होता की गाठ मोठी आहे, जागा जास्त आहे, म्हणून तंतू वाढले. लेव्ही-मोंताल्चिनींना ते पटेना. तंतू गाठीतच नव्हे तर गर्भाच्या शिरांच्या आतही घुसत होते, असं शहाणे तंतू कधी करत नाहीत. मग त्यांनी गाठ गर्भाला न टेकवता अंड्यातल्या बाहेरच्या पातळ आवरणावर ठेवली. स्पर्श नाही, फक्त रक्ताभिसरणाचा संबंध. तरीही परिणाम तोच. म्हणजे गाठीतून काहीतरी झिरपत होतं.

ते 'काहीतरी' अंड्यात मोजणं फार वेळखाऊ होतं. १९५२मध्ये त्या विमानाने रिओ दि जानेरोला गेल्या, सोबत गाठ असलेले दोन उंदीर लपवून. तिथे हेर्ता मायर यांच्याकडे ऊतीसंवर्धनाची व्यवस्था होती. बऱ्याच फसलेल्या प्रयत्नांनंतर त्यांनी कोंबडीच्या गर्भातला एक चेतागुच्छ काचेवर गाठीच्या तुकड्याशेजारी ठेवला. एका दिवसात त्या गुच्छातून चारी दिशांना तंतूंचं दाट खळे उमटलं. जे मोजायला आठवडे लागायचे ते आता रातोरात दिसू लागलं. विज्ञानात नवी कल्पना जितकी मोलाची तितकीच झटपट चाचणीही मोलाची, हे लोक सहज विसरतात. खळे नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

१९५३ साली जीवरसायनतज्ज्ञ स्टॅन्ली कोहेन त्यांना येऊन मिळाले. गाठीच्या अर्कात प्रथिनंही होती आणि न्यूक्लिइक आम्लंही. खळे नक्की कशामुळे पडतं? न्यूक्लिइक आम्लं तोडून टाकायची म्हणून कोहेन यांनी सापाचं विष वापरलं, कारण विषात ती तोडणारं विकर भरपूर असतं. आम्लं तुटल्यावर खळे थांबलं तर दोषी सापडला, असा साधा बेत. झालं उलटंच. खळे आणखी दाट झालं. नुसतं विष घालून पाहिलं, गाठीचा अर्क अजिबात नाही, तरीही खळे! विषात तोच घटक गाठीपेक्षा कितीतरी जास्त होता. म्हणजे 'नुसतं विष' ही तुलनेसाठी ठेवलेली बशीच मुख्य शोध ठरली.

पुढची उडी मला कोहेन यांची सर्वांत सुंदर वाटते. सापाची विषग्रंथी म्हणजे मुळात बदललेली लाळग्रंथी. मग उंदराची लाळग्रंथी पाहायला काय हरकत आहे? पाहिली, आणि प्रौढ नर उंदराच्या जबड्याखालच्या ग्रंथीत एनजीएफचा खजिनाच निघाला. त्यातून ते पुरेसं शुद्ध करता आलं. त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून नवजात पिल्लांना टोचली, तर त्यांची अनुकंपी चेतासंस्था जवळजवळ नाहीशी झाली. 'हा पदार्थ घातला तर तंतू वाढतात' इथून 'हा पदार्थ काढून घेतला तर पेशी मरतात' इथवरचा तो प्रवास होता. १९८६चं नोबेल या दोघांना मिळालं.

लेबलवर 'बीटा' आहे, मग अल्फा कुठे गेला?

हा प्रश्न नवे विद्यार्थी विचारत नाहीत, कारण ग्रीक अक्षरांना ते आधीच वैतागलेले असतात. पण उत्तर सोपं आहे. उंदराच्या ग्रंथीतून एनजीएफ एकटं निघत नाही. जस्ताच्या साहाय्याने बांधलेला तीन प्रकारच्या घटकांचा एक मोठा गठ्ठा निघतो: अल्फा, बीटा, गॅमा. गॅमा हे प्रथिनं कापणारं विकर आहे. अल्फा त्याच कुळातलं, पण धार गेलेलं. खळे पाडायची ताकद फक्त बीटामध्ये. म्हणून बीटा-एनजीएफ आणि नुसतं एनजीएफ हे व्यवहारात एकच समजायचं.

बीटाच्या एका साखळीत मानवाच्या बाबतीत १२० अमिनो आम्लं असतात, वजन सुमारे १३.५ किलोडाल्टन (हे रेणूंचं वजन मोजायचं एकक). जोडीचं सुमारे २७. साखळ्या एकमेकींना पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेल्या नसतात, नुसत्या घट्ट बिलगलेल्या असतात. त्यामुळे प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर प्रथिन चालवलं की जोडी सुटते आणि १३च्या आसपास एकच पट्टा दिसतो. '२७ लिहिलंय आणि १३ला पट्टा आला, माल खोटा आहे' ही तक्रार या एका गोष्टीने मिटते.

'रीकॉम्बिनंट ह्यूमन' म्हणजे काय, आणि ते का लागतं

उंदराच्या ग्रंथीतलं एनजीएफ अजूनही वापरात आहे आणि पुष्कळ जुनं संशोधन त्याच्यावरच उभं आहे. पण ते काढायला खूप उंदीर लागतात. सोबत ग्रंथीतली इतर विकरं येण्याचा धोका असतो, आणि शुद्ध करताना साखळीच्या सुरुवातीची आठ अमिनो आम्लं काही रेणूंमध्ये तुटून जातात. माणसाच्या शरीरात असा ग्रंथीतला साठा नसतो, त्यामुळे मानवी एनजीएफ 'काढायचं' म्हटलं तर कुठून काढणार? १९८३ साली मानवी जनुकाचा क्रम हाती आला आणि वाट मोकळी झाली. जनुकाचा मजकूर माहीत असला की तो दुसऱ्या पेशीत घालून तिच्याकडून प्रथिन करून घेता येतं. अशा जोडकामातून बनलेल्या प्रथिनाला रीकॉम्बिनंट म्हणतात. क्रम माणसाचा, कारागीर दुसराच.

कारागीर कोण, यावर बरंच अवलंबून असतं. काही उत्पादक ई. कोलाय हा जीवाणू वापरतात, काही कीटकांच्या पेशी, काही चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून निघालेल्या पेशी, काही मानवी पेशी. बऱ्याच मानवी प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढवाव्या लागतात आणि जीवाणूला ते जमत नाही. एनजीएफच्या पक्व रूपाला कामासाठी त्या साखरेची गरज नाही, त्यामुळे जीवाणूकडूनही खरं एनजीएफ मिळू शकतं. जीवाणू झपाट्याने वाढतो आणि स्वस्तही पडतो. मात्र तो एका ठिकाणी अडतो: घडी घालताना.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे. एनजीएफच्या प्रत्येक साखळीत सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल सहा ठिकाणी आहे आणि त्यांच्यात गंधकाचे तीन पूल बांधले जातात. त्यातले दोन पूल मिळून एक कडं तयार करतात, आणि तिसरा पूल त्या कड्यातून आरपार ओवलेला असतो. सुईच्या नाकातून दोरा जावा तसा. या रचनेला सिस्टीनची गाठ म्हणतात. गाठ नीट बसली तर रेणू दणकट होतो. चुकीच्या सिस्टीनची जोडी जमली तर वजन तेच, अमिनो आम्लं तीच, जेलवरचा पट्टाही तोच असू शकतो. पण रिसेप्टर त्याला ओळखत नाही.

जीवाणूच्या पोटातलं रसायन असं असतं की तिथे गंधकाचे पूल टिकत नाहीत. मग तयार झालेल्या साखळ्या एकमेकींत गुंतून घट्ट गोळे होतात. उत्पादक ते गोळे वेगळे काढतात, तीव्र युरियात किंवा ग्वानिडिनमध्ये पूर्ण उलगडतात आणि मग सावकाश पातळ करत, गंधकाचे पूल जुळायला आणि सुटायला दोन्ही वाव मिळेल अशा द्रावणात, पुन्हा घडी घालू देतात. हे काम घाईचं नाही. एक युक्ती फार कामाची ठरली: पक्व एनजीएफऐवजी शेपटीसकट पूर्वप्रथिनाची घडी घालायची. कमान बांधताना खाली लाकडी आधार देतात आणि कमान पक्की झाली की तो काढतात, तशी ही शेपटी घडीला आधार देते. नंतर ती विकराने कापून टाकायची. आणि नीट कापली गेली का हे तपासायचं, कारण न कापलेलं रूप काय करू शकतं ते वर आलंच आहे.

शुद्धीकरणात एनजीएफचा स्वभाव मदतीला येतो. ते चांगलंच अल्कधर्मी आहे, नेहमीच्या पाण्यात धनभारित असतं. ऋणभारित कण भरलेल्या नळीतून अर्क सोडला की बहुतेक जीवाणू-प्रथिनं वाहून जातात आणि एनजीएफ मागे राहतं. पुढे मीठ वाढवत नेलं की तेही सुटतं.

जीवाणूबरोबर येणारा एक नकोसा पाहुणा म्हणजे त्याच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन. चेतापेशींना त्याचं फारसं काही वाटत नसेलही, पण तबकडीत मेंदूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी असतील तर त्या अत्यल्प मात्रेनेही खवळतात, आणि तुम्ही तो परिणाम एनजीएफच्या खात्यावर लिहून मोकळे होता. म्हणून कुपीसोबतच्या विश्लेषणपत्रावर एंडोटॉक्सिनचा आकडा आधी पाहावा, शुद्धतेचा नंतर. ९५ टक्के शुद्ध या शब्दांत एंडोटॉक्सिन धरलेलंच नसतं. ते प्रथिनच नाही.

पेशींची परीक्षा

आता मूळ मुद्द्यावर. सिस्टीनची गाठ बरोबर बसली हे कसं कळणार? आज कोंबडीच्या गर्भातले गुच्छ रोज काढत बसायची गरज नाही, त्यांच्या जागी दोन पेशीवंश, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी, आले.

पहिला पीसी-१२. लॉइड ग्रीन आणि आर्थर टिश्लर यांनी १९७६ साली उंदीरकुळातल्या रॅटच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीतून तो मिळवला. या पेशी गोल, गुबगुबीत, विभाजत राहणाऱ्या. मिलिलीटरला ५० ते १०० नॅनोग्रॅम एनजीएफ घातलं की काही दिवसांत त्या विभाजन थांबवतात, तळाला पसरतात आणि लांब तंतू काढू लागतात. जणू गाठीच्या पेशीला आपण चेतापेशी होणार होतो हे आठवतं. एनजीएफ काढून घ्या, तंतू मागे सरतात. मानवी आणि उंदराचं एनजीएफ सुमारे ९० टक्के सारखं असल्याने मानवी प्रथिन रॅटच्या पेशीवरही चालतं.

याच पेशींनी आणखी एक कोडं समोर ठेवलं. ईजीएफ नावाचा दुसरा घटक, तोही कोहेन यांनीच शोधलेला, पीसी-१२ पेशींमध्ये जवळजवळ तीच निरोपसाखळी पेटवतो. पण त्याने पेशी विभाजतात, तंतू काढत नाहीत. फरक निरोपात नाही, निरोप किती वेळ चालू राहतो यात आहे. ईजीएफचा निरोप काही मिनिटांत विझतो, एनजीएफचा तासन् तास तेवत राहतो. एकच घंटा, पण एकदा वाजवून सोडली की वाजतच ठेवली, यावर पेशी आपलं भवितव्य ठरवते.

दुसरा वंश टीएफ-१, मानवी रक्तपेशींच्या कर्करोगातला. त्या चेतापेशी नाहीत, पण त्यांच्यावर ट्रॅक-ए आहे, आणि एनजीएफ मिळालं की त्या वाढतात. तंतू मोजण्यापेक्षा पेशींची संख्या मोजणं सोपं आणि कमी वादग्रस्त. वेगवेगळ्या मात्रा देऊन कमाल परिणामाच्या निम्मा परिणाम कोणत्या मात्रेला मिळतो तो आकडा काढतात. चांगल्या मालाचा तो मिलिलीटरला एक नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. हा आकडा जितका लहान तितकं प्रथिन जास्त प्रभावी, हे मात्र उलटं वाचू नका. आणि दोन उत्पादकांचे आकडे वेगळ्या पेशींवर काढलेले असतील तर त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

फ्रीझरपासून तबकडीपर्यंत

चांगलं प्रथिन वाया जाण्याच्या जागा या टप्प्यात सर्वाधिक आहेत. धनभारित असल्यामुळे एनजीएफ काचेला आणि साध्या प्लास्टिकला चिकटतं. द्रावण तीव्र असताना हे खपून जातं. पातळ केलं की मोठा वाटा भिंतीवर राहतो आणि तबकडीत जवळजवळ पाणीच पडतं. यावर उपाय म्हणजे द्रावणात ०.१ टक्का बोवाइन सीरम अल्ब्युमिन, म्हणजे गाईच्या रक्तातलं एक प्रथिन. ते भिंतीवरच्या जागा आधी अडवतं. काही कुपींत ते घातलेलंच असतं. ज्यांना एनजीएफवर रंगद्रव्य जोडायचं आहे किंवा त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं करायची आहेत त्यांनी मात्र हे वाहक प्रथिन नसलेली कुपी घ्यावी, नाहीतर सगळा रंग अल्ब्युमिनला लागेल.

विरघळवताना जोरात हलवू नये. फेस म्हणजे उलगडलेलं प्रथिन. एकदा मूळ द्रावण तयार झालं की लगेच एकेका प्रयोगापुरते छोटे भाग करून गोठवावेत, शक्यतो उणे ८० अंशांना. तोच भाग पुन्हा पुन्हा वितळवणं आणि गोठवणं हा सगळ्यांत सामान्य आणि सगळ्यांत महाग निष्काळजीपणा. आपोआप बर्फ वितळवणारे फ्रीझर तर दाराआड हेच काम गुपचूप करत असतात. आणि अगदी पातळ केलेलं द्रावण पुढच्या आठवड्यासाठी ठेवूच नये.

'पेशींनी तंतू काढले नाहीत' या तक्रारीत दोष प्रत्येक वेळी कुपीचा नसतो. पीसी-१२ गोळे करून वाढत असतील, तळाला कोलॅजेन नसेल, माध्यमात सीरम भरपूर असेल, किंवा दुसऱ्याच दिवशी निकाल हवा असेल, तर जगातलं उत्तम एनजीएफही काही करू शकत नाही. आठवडाभर धीर धरावा आणि मधे दोन-तीनदा माध्यमासोबत ताजं एनजीएफ द्यावं.

'फक्त संशोधनासाठी' हे लिहिण्यामागचं कारण

एनजीएफचं औषध होऊ शकतं, झालंही आहे. ई. कोलायमध्येच बनवलेलं सेनेजर्मिन नावाचं मानवी एनजीएफ डोळ्याच्या थेंबांच्या रूपात २०१७मध्ये युरोपात आणि २०१८मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. डोळ्याच्या पारदर्शक पडद्याची संवेदना जाऊन तिथे न भरणाऱ्या जखमा होतात, त्या आजारासाठी. डोळा हे ठिकाण सोयीचं, कारण थेंब जिथे हवेत तिथेच पडतात.

शरीरात टोचायचं म्हटलं की एनजीएफची दुसरी बाजू समोर येते. मोठेपणी ते वेदनेचा आवाज वाढवणारं बटण आहे. मधुमेहाने खराब झालेल्या चेतातंतूंसाठी झालेली १,०१९ रुग्णांची मोठी चाचणी २०००मध्ये निराशाजनक ठरली. टोचल्या जागी दुखणं ही नेहमीची तक्रार होती. जनुकीय पुरावाही त्याच दिशेचा आहे. ट्रॅक-एच्या जनुकात बिघाड घेऊन जन्मलेल्या मुलांना वेदना कळतच नाही आणि घामही येत नाही. उत्तर स्वीडनमधल्या एका कुटुंबात खुद्द एनजीएफच्या जनुकात एका अक्षराचा बदल सापडला, तिथे खोल वेदना हरवली आणि सांधे झिजून गेले.

मग उलटा विचार सुरू झाला: एनजीएफ अडवलं तर? टॅनेझुमॅब हे त्याला धरून ठेवणारं प्रतिपिंड सांधेदुखीवर खरंच परिणाम करत होतं, पण काही रुग्णांचे सांधे वेगाने खराब झाले. २०२१मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी नापसंती दिली आणि ते औषध तिथेच थांबलं. प्राण्यांसाठीची तशीच प्रतिपिंडं मात्र कुत्र्या-मांजरांच्या सांधेदुखीवर वापरात आली आहेत.

प्रयोगशाळेच्या कुपीतला रेणू थेंबांमधल्या रेणूसारखाच असू शकतो. पण ती कुपी निर्जंतुक आहे, प्रत्येक खेप माणसात सुरक्षित ठरली आहे, मात्रा तपासली आहे, अशी कोणतीही हमी तिच्यामागे नसते. ती तबकडीसाठी आहे.

नवी कुपी आली की मी सुचवेन तो प्रयोग एका दुपारी मांडून होतो. सहा खाचांच्या तबकडीत पीसी-१२ लावा. एका खाचेत एनजीएफ नाही. एकीत जुन्या, खात्रीच्या खेपेतलं. तिघींत नवं, तीन वेगवेगळ्या मात्रांत. शेवटच्या खाचेत नवं एनजीएफ, पण त्याच्यासोबत त्याला निकामी करणारं प्रतिपिंड. त्या शेवटच्या खाचेतही तंतू निघाले तर ते एनजीएफमुळे निघालेले नाहीत, माध्यमात दुसरंच काहीतरी आहे. आणि मग 'नुसतं विष' घातलेल्या बशीसारखी एक बशी तुम्हालाही लावावी लागेल.